जुन्या ओबीएमची गिअर केबल कशी सेट करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की आमच्या मालवण-देवबाग पट्ट्यात होड्या वर ओढल्या जातात आणि मग मला तेच तेच प्रश्न यायला लागतात. रिव्हर्स लागत नाही, फॉरवर्ड मधेच सुटतो, न्यूट्रलला ठेवली तरी होडी सरकते. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. हे मुख्यतः जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरबद्दल (ओबीएम, होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे, म्हणजे आपल्याकडे खूप दिसणारी यामाहाची ४० एचपी एन्ड्युरो आणि तिच्या आसपासची इंजिनं, ज्यांना बाजूला हँडलवाला रिमोट कंट्रोल बॉक्स बसवलेला असतो. टिलरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या इंजिनलाच वळवायचा दांडा असतो त्यांच्यासाठी, खाली वेगळा प्रश्न आहे, तो बघा.

ही केबल नेमकं करते काय?

पाण्याखालच्या गिअरकेसमध्ये तीन दातेरी चाकं असतात. वरून इंजिनचा उभा शाफ्ट येतो त्याला लहान पिनियन, आणि पिनियनच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन मोठी चाकं, एक फॉरवर्डचं, एक रिव्हर्सचं. इंजिन चालू आहे तोवर ही तिन्ही फिरतच असतात, न्यूट्रललासुद्धा. पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट या दोन चाकांच्या मधून जातो आणि त्याच्यावर एक दातांची कडी सरकते, तिला क्लच डॉग म्हणतात. कडी पुढे सरकून फॉरवर्डच्या चाकात अडकली की होडी पुढे, मागे अडकली की मागे, मधे राहिली की न्यूट्रल.

त्या कडीला सरकवणारा रॉड वर येतो, इंजिनच्या बाजूच्या लिव्हरला जोडलेला असतो, आणि त्या लिव्हरला तुमच्या हँडलपासून आलेली केबल. म्हणजे केबल फक्त निरोप्याचं काम करते. हँडल म्हणतं न्यूट्रल, तर खाली कडी बरोबर मधे पाहिजे. केबल लांब-आखूड झाली की निरोप चुकीचा पोचतो, हँडल न्यूट्रलला आणि कडी अर्धवट कुठंतरी. आणि अर्धवट अडकलेली कडी म्हणजे दातांचे कोपरे घासणं, मग ते गोल होणं, मग गिअर सुटणं, आणि मग खर्च. म्हणून मी या छोट्याशा सेटिंगबद्दल एवढा आग्रही असतो.

केबल बिघडली की गिअरच गेलाय हे कसं ओळखायचं?

केबल इंजिनवरच्या लिव्हरपासून सोडवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. एवढं केलं की निम्मा घोळ तिथंच मिटतो.

केबल सोडवल्यावर हँडल पुढे-मागे करून बघा. हलकं चालतंय का? जड असेल, किंवा हँडल हलवलं तरी केबलचं टोक उशिरा हलत असेल, तर केबल आतून गंजलीय किंवा बॉक्समध्ये काहीतरी झालंय, सेटिंग करून काही उपयोग नाही. मग इंजिनवरचा लिव्हर हातानं हलवा, दुसऱ्या माणसाला पंखा हळूहळू फिरवायला सांगून. लिव्हर गुळगुळीत फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्स जात असेल तर खालचं बहुतेक ठीक आहे आणि चूक जोडणीत आहे. लिव्हर हातानंसुद्धा अडखळत असेल तर केबलला हात लावू नका, खाली बघा.

सोबत गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. ताकासारखं पांढरट आलं तर पाणी शिरलंय. चमचमणारी लोखंडाची भुकटी किंवा चक्क दाताचा तुकडा आला तर केबलचा विषय संपला, गिअरकेस उघडायची.

काम सुरू करायच्या आधी काय काळजी घ्यायची?

चावी काढा, लाल दोरीचा किल स्विच काढा, आणि स्पार्क प्लगच्या कॅप काढून ठेवा. हे सगळं करायचं, यातलं एक केलं की झालं असं नाही. आपण पंखा हातानं फिरवणार आहोत, जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पंखा फिरवताना गिअर लागलेला असला तर वर इंजिनही फिरतं, आणि एखादा ठोका पेटला तर बोटं जातात.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन छोटे पाने, नाकवाली पक्कड, पेन्सिल किंवा पांढरा मार्कर, मरीन ग्रीस, कापड. शिवाय मोबाईल, कारण काहीही सोडवायच्या आधी जोडणीचे तीन-चार फोटो काढायचेच. वॉशर कुठल्या बाजूला होता हे दोन तासांनी कुणालाच आठवत नाही.

बॉक्समधून दोन केबल येतात, त्यातली गिअरची कुठली?

हँडल न्यूट्रलमधून हळू पुढे ढकला, जी केबल आधी हलते ती गिअरची. यामाहाच्या जुन्या बाजूच्या बॉक्सवर हँडल साधारण ३५ अंश जाईपर्यंत फक्त गिअर लागतो, तिथं हाताला खटका जाणवतो, आणि त्याच्या पुढे गेलं की थ्रॉटलची, म्हणजे वेग वाढवणारी, केबल हलायला लागते. दोन्ही केबल दिसायला सारख्याच असतात, म्हणून रंगीत टेप लावून ठेवा.

खरं न्यूट्रल शोधायचं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच सगळ्यात कमी विचारला जातो. लोक थेट केबल ओढायला लागतात.

मी शिकलो ते देवबागच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडून. मी पक्कड घेऊन केबल खेचत होतो, ते मागे उभे राहून म्हणाले, "केबल वडून गियर बसना नाय रे बाबू, आधी न्यूट्रल खंय ता बघ." मग त्यांनी मला पेन्सिलीच्या दोन रेघा मारून दाखवल्या आणि ती पद्धत मी आजपर्यंत सोडलेली नाही.

केबल लिव्हरपासून सोडवलेली पाहिजे. एक जण पंखा धरून बसेल. लिव्हर पूर्ण फॉरवर्डला न्या, पंखा थोडा थोडा फिरवत, कारण इंजिन बंद असताना दात समोरासमोर आले तर कडी आत जात नाही आणि तिथं जोर लावला तर रॉड किंवा लिव्हर वाकतो. फॉरवर्ड नीट लागला की पंखा एका दिशेनं कट-कट-कट आवाज करत फिरतो आणि उलट्या दिशेनं अडतो. आता लिव्हर केसाकेसानं न्यूट्रलकडे आणा, पंखा सारखा हलवत राहा. ज्या क्षणी ती कट-कट थांबते आणि पंखा मोकळा होतो, तिथं लिव्हरच्या टोकासमोर ब्रॅकेटवर पहिली रेघ मारा.

मग तेच रिव्हर्सकडून. लिव्हर पूर्ण रिव्हर्सला, तिथं बहुतेक इंजिनांत पंखा दोन्हीकडे अडतो, आणि हळूहळू परत आणताना पंखा मोकळा झाला की दुसरी रेघ. या दोन रेघांच्या बरोबर मधे तिसरी रेघ मारा. ते तुमच्या इंजिनचं खरं न्यूट्रल. काही मॉडेल्सवर कंपनीची खूण असते, तिच्याशी ताडून बघा, पण जुन्या झिजलेल्या इंजिनवर माझा या रेघांवर जास्त भरवसा आहे.

हे करतानाच लिव्हर पूर्ण फॉरवर्डला आणि पूर्ण रिव्हर्सला कुठवर जातो तिथंही दोन बारीक खुणा करून ठेवा, शेवटी तपासायला लागतात. आणि एक लक्षात ठेवा, प्लगच पूर्ण काढून ठेवले असतील तर पंखा अडल्यासारखा वाटणार नाही, कॉम्प्रेशन नसल्यामुळं वर फ्लायव्हील सोबत फिरताना दिसेल. मी म्हणून प्लग तसेच ठेवतो, फक्त कॅप काढतो.

आता प्रत्यक्ष सेटिंग सांगा, यामाहासारख्या जोडणीचं.

लिव्हर तुम्ही मारलेल्या मधल्या रेघेवर ठेवला. आता हँडल न्यूट्रलला आणा, खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे, मुठीखालची लॉकची पट्टी वर आली पाहिजे. हे झालं दुसऱ्या टोकाचं न्यूट्रल.

जुन्या केबलमध्ये ढिलेपणा असतो, हँडल जागच्या जागी असताना केबलचं टोक हातानं थोडं आत जातं, थोडं बाहेर येतं. हलक्या हातानं आत ढकला, जिथं अडेल तिथं केबलच्या दांडीवर मार्करनं खूण करा. बाहेर ओढा, अडेल तिथं दुसरी खूण. टोक त्या दोन खुणांच्या मधोमध धरा. हा ढिलेपणा मधे न घेता एका बाजूला घेतला तर एक गिअर घट्ट लागेल आणि दुसरा अर्धवट, आणि माणूस पुढचे सहा महिने विचार करत बसेल की सेटिंग केली तरी असं का.

आता केबलच्या टोकावर जो जॉइंट आहे, भोकवाला, त्याचा लॉकनट सैल करा आणि जॉइंट फिरवत आत-बाहेर करा, जोवर त्याचं भोक लिव्हरच्या पिनवर आपसूक, काहीही न ढकलता न ओढता, बसत नाही. अर्धी फेरीसुद्धा फरक पाडते. पिनवर बसवायला जरासा जरी जोर लागला तरी परत काढा आणि परत फिरवा.

एक आकडा मात्र विसरू नका. जॉइंट केबलच्या आट्यांवर कमीत कमी ८ मिलिमीटर आत फिरलेला पाहिजे, यामाहाच्या मॅन्युअलमध्येही हेच आहे. केबल आखूड पडते म्हणून जॉइंट दोन-तीन आट्यांवर लटकवून ठेवलेले मी बघितलेत, समुद्रात एका धक्क्याला तो निसटतो. ८ मिलिमीटर मिळत नसतील तर केबल चुकीची बसलीय किंवा चुकीच्या लांबीची आहे.

जमलं की लॉकनट आवळा, वॉशर घाला, क्लिप किंवा स्प्लिट पिन लावा. जुनी स्प्लिट पिन परत वापरू नका, नवी लावा, स्टेनलेसची.

मग तपासणी. एक जण हँडलवर, एक जण पंख्यावर. फॉरवर्ड टाका, पंखा हलवत, कट-कट येते का बघा आणि लिव्हर तुमच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचतो का बघा. न्यूट्रल, पंखा दोन्हीकडे मोकळा. रिव्हर्स, पंखा अडतो, लिव्हर त्या बाजूच्या खुणेवर. पाच-सहा वेळा करा, दरवेळी तसंच आलं पाहिजे. शेवटी होडी पाण्यात, दोन दोरांनी धक्क्याला बांधून, इंजिन गरम झाल्यावर आयडलवर (म्हणजे सगळ्यात कमी वेगावर) तिन्ही गिअर. पाण्याबाहेर इंजिन चालवून तपासायचा मोह टाळा, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा चालला की थोड्याच वेळात जळतो.

मर्क्युरीला जॉइंट फिरत नाही, मग तिथं काय?

मर्क्युरीच्या केबलवर पुढचं टोक तसंच राहतं आणि मागे केबलच्या अंगावर एक पितळी बॅरल असतो, तो फिरवत पुढे-मागे करायचा. टोक पिनवर ठेवा, ढिलेपणाचा मध्य वरच्यासारखाच काढा आणि बॅरल असा फिरवा की तो आपल्या खाचेत आपोआप उतरेल. गिअरची केबल आधी लावायची, थ्रॉटलची नंतर. बाकी सगळं तेच.

फॉरवर्ड सुटतो. केबल थोडी फॉरवर्डकडे जास्त दिली तर चालेल का?

नाही. हे मी स्वतः करून भोगलंय म्हणून इतक्या ठामपणे सांगतो.

माझ्या होडीचा फॉरवर्ड लोड आला की सुटायचा, खडाड्खट आवाज यायचा. मी केबल दोन फेऱ्या फॉरवर्डकडे दिली, सुटणं थांबलं, मला वाटलं झालं काम. पण जेवढं फॉरवर्डला दिलं तेवढं रिव्हर्समधून गेलं. तीन आठवड्यांनी मालवणच्या जेटीला लागताना, होडीत सहा माणसं, भरतीचा जोर मागून, मी रिव्हर्स टाकला आणि थोडा थ्रॉटल दिला. आधी धरला आणि मग सुटला. इंजिन नुसतं ओरडलं आणि होडी सरळ धक्क्यावर. टायर बांधलेले होते म्हणून निभावलं, पण पुढे बसलेल्या बाईंचा हात फळी आणि धक्क्याच्या मधे येता येता राहिला, तो क्षण मी विसरलेलो नाही.

गिअरकेस उघडल्यावर कळलं की क्लच डॉगचे फॉरवर्डचे कोपरे आधीच गोल झाले होते, आणि माझ्या सेटिंगमुळं रिव्हर्सचेही व्हायला लागले होते. एका भागाचं काम दोन भागांचं झालं.

म्हणून हिशोब असा ठेवा. खुणा करून बघा, हँडलनं लिव्हर पूर्ण फॉरवर्डच्या खुणेपर्यंत पोचतोय का? पोचत नसेल तर सेटिंग करा. पोचतोय आणि तरी सुटतोय, तर दोष खाली आहे, केबल कितीही दिली तरी गोल झालेला दात परत चौकोनी होत नाही.

होडी डावीकडे पूर्ण वळवली तरच गिअर सुटतो, सरळ जाताना नाही. असं का?

हे सेटिंग नाही, केबलचा रस्ता आहे. इंजिन वळतं तेव्हा केबलही त्याच्याबरोबर ओढली जाते, तिला मागे पुरेसा झोळ दिलेला नसेल तर इंजिन एका बाजूला पूर्ण गेल्यावर केबल ताणते आणि लिव्हर हलवते. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि गिअरच्या लिव्हरकडे बघत राहा, तो अजिबात हलता कामा नये. टिल्ट करून, म्हणजे इंजिन वर-खाली कलवूनही बघा. बऱ्याचदा एखादी प्लास्टिकची पट्टी नको तिथं आवळलेली असते, ती कापली की झालं.

वळणाबद्दल माझा नियम, केबलला कुठंही छोट्या परातीच्या गोलाईपेक्षा लहान वळण द्यायचं नाही. फळीच्या कोपऱ्यात केबल मोडल्यासारखी वळवलेली असेल तर ती आतून घासून जड होणारच.

गिअर टाकताना खर्र आवाज येतो. हळू टाकू का?

उलट. हळू टाकल्यामुळंच खर्र होतं. कारच्या सवयीनं लोक हँडल दबकत सरकवतात आणि तेवढा वेळ दात एकमेकांच्या टोकांवर आपटत राहतात. आउटबोर्डचा गिअर आयडलवर, एका झटक्यात, टक्क करून टाकायचा. जोर नाही लावायचा, रेंगाळायचं नाही. फॉरवर्डमधून रिव्हर्सला जाताना मात्र न्यूट्रलला क्षणभर थांबा, होडीचा वेग उतरू द्या.

तरीही आवाज येत असेल तर आयडल वाढलेली आहे का बघा. थंड इंजिन बंद पडतं म्हणून कुणीतरी आयडलचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो आणि मग प्रत्येक गिअर दणका देत लागतो. कार्बुरेटर साफ करून आयडल मॅन्युअलप्रमाणे खाली आणा, मग गिअरबद्दल बोलू.

न्यूट्रलला पंखा थोडा फिरतो, हे बरोबर आहे का?

पाण्याबाहेर, पाइपनं पाणी देऊन इंजिन चालवताना पंखा न्यूट्रलला सावकाश फिरताना दिसला तर घाबरू नका, आतल्या तेलाच्या ओढीनं तो फिरतो. पाण्यात मात्र तेवढी ओढ पुरत नाही. न्यूट्रलला होडी खरोखर पुढे किंवा मागे सरकत असेल, वारा-प्रवाह सोडून, तर सेटिंग चुकलीय. आणि हे लगेच करायचं काम आहे, कारण माणसं होडीत चढतात-उतरतात ती न्यूट्रलच्याच भरवशावर, पाण्यात उतरलेला पोरगा पंख्याच्या जवळ असतो तोही न्यूट्रलच्याच भरवशावर.

गिअरची सेटिंग केल्यावर थ्रॉटललाही हात लावायचा का?

तपासायचं नक्की. न्यूट्रलला थ्रॉटलचा लिव्हर आपल्या स्टॉपवर पूर्ण टेकलेला पाहिजे, आणि हँडल पुढे नेताना आधी गिअर पूर्ण लागला पाहिजे आणि मगच थ्रॉटल उघडायला लागला पाहिजे. थ्रॉटल आधी उघडत असेल तर तुम्ही दरवेळी वाढलेल्या आरपीएमवर गिअर मारताय.

सेटिंग केली आणि आता इंजिन स्टार्टच होत नाही.

न्यूट्रल नसेल तर स्टार्ट होऊ नये अशी सोय असते. सेल्फवाल्या इंजिनला तो स्विच असतो, बऱ्याचदा कंट्रोल बॉक्सच्या आत. दोरी ओढून चालू होणाऱ्या इंजिनांत गिअरच्या लिव्हरपासून स्टार्टरपर्यंत एक बारीक तार जाते, ती गिअरमध्ये असताना दोरी अडकवून धरते. ही तार लोक गिअर केबल समजून फिरवतात, तसं करू नका. आधी हँडल खटक्यावर नीट आहे का बघा, मग स्विचच्या वायर, मग तार.

आणि कृपा करून तो स्विच थेट जोडून टाकू नका. स्विच खराब झाला की वायरी पिळून दिल्या, स्टार्ट होतंय ना मग झालं, असं खूप होड्यांवर दिसतं. इंजिन गिअरमध्ये स्टार्ट झालं की उभा असलेला माणूस सरळ पाण्यात जातो, आणि तो पडतो पंख्याच्या बाजूला.

केबल जड झालीय. आत तेल सोडलं तर चालेल?

चार दिवस चालेल. आत खारं पाणी शिरून पोलादी तार गंजलेली असते, तेलानं गंज जात नाही, आणि काही तेलांनी आतलं प्लास्टिकचं अस्तर फुगतं. बाहेर दिसणाऱ्या टोकाच्या दांड्यांना आणि लिव्हरच्या पिनांना मरीन ग्रीस लावा, ते जरूर. पण केबल आतून जड झाली, तिचं बाहेरचं आवरण तडकलं किंवा टोकाजवळ गंजाची लाल धार दिसली की बदला. आणि दोन्ही एकदम बदला, एकाच उन्हात, एकाच खाऱ्या पाण्यात दोघींचं आयुष्य गेलंय.

नवी केबल कुठली आणि किती लांब?

यामाहा, सुझुकी, तोहात्सू यांच्या बऱ्याच जुन्या बॉक्सना ३३ सी नावानं मिळणारी केबल लागते, दोन्ही टोकांना आटे असलेली. मर्क्युरीची वेगळी असते. दुकानात जाताना जुनी केबल काढूनच न्या, तोंडी वर्णनावर आणू नका. लांबी फुटात मोजतात, जुनी सरळ करून टोकापासून टोकापर्यंत. जुनी ताणत होती असं वाटलं तर एक फूट वाढवा, पण दोन-तीन फूट जास्तीची आणून वेटोळं करून ठेवू नका, प्रत्येक वळण म्हणजे घर्षण आणि ढिलेपणा.

माझं इंजिन टिलरवालं आहे.

मग गिअरचा लिव्हर इंजिनवरच असतो आणि तिथून थेट रॉड खाली जातो, हा केबलचा प्रकार तुम्हाला लागू नाही. ढिलेपणा आला असेल तर लिव्हरच्या प्लास्टिकच्या बुश बघा, त्या झिजतात आणि स्वस्तात मिळतात. न्यूट्रल शोधायची रेघांची पद्धत मात्र तुम्हालाही उपयोगी आहे.

इम्पेलर बदलला आणि तेव्हापासून रिव्हर्स लागत नाही.

केबलला हात लावू नका! इम्पेलर बदलायला गिअरकेस खाली उतरवावी लागते, तेव्हा गिअरचा रॉड मधे सुटतो. परत चढवताना कडी एका गिअरमध्ये आणि वरचा लिव्हर दुसऱ्याच जागी असं झालं, किंवा जिथं रॉड जोडायचा आट्यांचा नट असतो तिथं तो कमी-जास्त फिरवला गेला, की असं होतं. खालचं आणि वरचं दोन्ही न्यूट्रलला ठेवून रॉडची जोडणी परत करा. केबल काल ठीक होती तर आजही ठीक आहे.

परदेशात माझ्याकडे जुनं जॉनसन किंवा एव्हिनरुड आहे, तेच करू का?

तत्त्व तेच, पण केबल आणि बॉक्सची जोडी त्यांची स्वतःची असते आणि ३३ सी त्यात बसत नाही. १९६० च्या दशकातल्या काही मॉडेल्सना तर गिअर विजेवर चालायचा, तिथं केबल नसून वायरी असतात, त्या सेट करायचा प्रश्न येत नाही. एव्हिनरुडची इंजिनं बनवणं २०२० मध्ये बंद झालं, म्हणून चांगली केबल आणि बॉक्स मिळाला तर घेऊन ठेवा.

भर समुद्रात केबल तुटली तर?

पहिलं, वाऱ्यानं खडकांकडे जात असाल तर नांगर टाका, मग बाकीचं. इंजिन बंद, कव्हर काढा, तुटलेली केबल लिव्हरपासून सोडवा, लिव्हर हातानं न्यूट्रलला आणा. सगळ्यांना खाली बसवा. मग इंजिन न्यूट्रललाच स्टार्ट करा आणि आयडलवर लिव्हर हातानं एका झटक्यात फॉरवर्डला ढकला. फ्लायव्हील उघडं असतं, बाही, टॉवेल, गळ्यातली साखळी, लाइफ जॅकेटचे बंद काही लोंबत नाही ना ते आधी बघा. थ्रॉटलची केबल वेगळी असल्यामुळं हँडलनं वेग देता येतो. हळू या.

धक्क्याला लागताना तुमच्याकडे रिव्हर्स नाही हे डोक्यात ठेवून बरंच आधी इंजिन बंद करा आणि वल्ह्यानं लावा. होडीत वल्हं नाही असं होऊ देऊ नका. स्वतः जमणार नसेल तर वेळ न घालवता कोस्ट गार्डला १५५४ वर फोन करा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६.

पावसाळ्यात होडी वर असताना केबलचं काय करायचं?

गोड्या पाण्यानं इंजिन धुवा, टोकांच्या दांड्या पुसून ग्रीस लावा, बॉक्सवर जाड प्लास्टिक बांधा, पण खालून हवा खेळती ठेवा, नाहीतर आतल्या आत घाम सुटून तेच गंजतं. आठवड्यातून एकदा जाऊन हँडल पुढे-मागे करा, दुसऱ्या हातानं पंखा फिरवत, जबरदस्तीनं नाही. जून-जुलैची मासेमारी बंदी संपायच्या आत सेटिंग आणि गिअर ऑइल दोन्ही उरकून घ्या. एसएई ९० हायपॉइड गिअर ऑइल, खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि बंद करताना वरचा स्क्रू आधी लावायचा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळ्यांची घाई असते, मेस्त्री मिळत नाही आणि दुकानात नेमकी आपल्या लांबीची केबल संपलेली असते.